जमीनदार म्हणजे नेमका कोण?

खरगपूरला बदली होऊन आलो तेव्हाची गोष्ट. नव्या लाइनसाठी जमिनीची मोजणी चालू होती. एका बंगाली सहकाऱ्याला मी सहज म्हणालो, "आमचे काका गावी जमीनदार आहेत, बारा एकर बागायत आहे." त्याचा चेहराच उतरला. त्याचे आजोबा कुणा जमीनदाराची रयत होते. शब्द एकच, पण आपल्याकडे तो कसणाऱ्या बड्या शेतकऱ्यालाही लागतो, इथे नाही.

इथला जमीनदार मुळात सारा गोळा करणारा. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधारा आणला आणि त्याला जमिनीचा मालकच करून टाकले. रयतेकडून येणाऱ्या खंडाचे अकरा भाग धरले, तर दहा कंपनीचे, एक त्याचा. पाऊस पडो न पडो, आकडा तोच. ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत भरणा झाला नाही की जमीनदारी लिलावात! लोक त्याला 'सूर्यास्त कायदा' म्हणत. कित्येक जुनी घराणी त्यात बुडाली. नवे मालक आले, त्यांनी वसुली रयतेवरच वाढवली. ही जमीनदारी गेली ती १९५३ च्या कायद्याने.

आपल्याकडे रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारचा खातेदार. पण तेही सुख नव्हते. पुणे भागात प्रिंगलने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला. मोजणीही सदोष होती. लोक शेते टाकून निघून गेले. मग १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सारा उतरवून तीस वर्षांसाठी बांधून दिला. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आम्हा डिप्लोमावाल्यांना हा हिशेब फार गोड वाटतो! मात्र जमीन नावावर आली म्हणून ती गहाणही पडू लागली. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते त्यामुळेच.

हे सगळे मी त्या सहकाऱ्याला रंगवून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "साऱ्याला आम्ही खाजना म्हणतो. आमच्या अंगाईत आई बाळाला सांगते, बर्गी आले, आता खाजना कुठून भरू?"

बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे. गप्प बसायची पाळी आता माझी होती.