फिश टँकमध्ये फेस जमलाय? गोरामीची नर-मादी कशी ओळखायची आणि पिल्लं कशी जगवायची

सकाळी उठून फिश टँककडे बघावं, तर पाण्यावर एका कोपऱ्यात पांढरा फेस. पाणी खराब झालं असं वाटून बरेच जण तो जाळीने काढून टाकतात. पण तुमच्या टँकमध्ये गोरामी असेल तर जरा थांबा. तो फेस म्हणजे नर माशाने पिल्लांसाठी बांधलेलं घरटं असू शकतं.

घरटं दिसलं म्हणजे अंडी आलीच असं मात्र नाही. मादी नसली तरी नर घरटं बांधतो. आणि अंडी आली, तरी खरी परीक्षा नंतरच्या तीन-चार आठवड्यांत असते. बहुतेकांची पिल्लं मरतात ती तिथेच.

गोरामी नेमका कोणता मासा?

गोरामी हा एक मासा नाही, माशांचा गट आहे. दुकानात ब्लू, पर्ल, हनी, ड्वार्फ असे प्रकार मिळतात. यातले ड्वार्फ आणि हनी गोरामी मूळचे आपल्याच उपखंडातले, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. बंगालमध्ये ड्वार्फ गोरामीला लाल खोलिशा म्हणतात. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली होती.

या माशांच्या कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. त्यामुळे ते पाण्यावर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पिल्लांच्या वेळी तीच महत्त्वाची ठरते.

नर कोणता, मादी कोणती?

मासा पूर्ण वाढल्याशिवाय फरक नीट कळत नाही. वाढलेल्या माशात आधी पाठीवरचा पर बघा. नराचा हा पर लांब आणि टोकदार असतो, मादीचा आखूड आणि गोलसर. ब्लू गोरामीत दोघांचा रंग जवळपास सारखाच असल्याने हीच मुख्य खूण.

बाकी प्रकारांत रंगही मदत करतो.

- ड्वार्फ: नराच्या अंगावर लाल-निळे झळाळते पट्टे, मादी फिकट चंदेरी.
- पर्ल: नराचा गळा आणि छाती केशरी-लाल.
- हनी: विणीच्या काळात नर मधासारखा पिवळा-केशरी होतो आणि गळा-पोट काळपट निळं पडतं. मादीच्या अंगावर तपकिरी आडवी रेघ दिसते.

पोटावरून अंदाज बांधताना सांभाळून. अंड्यांनी भरलेली मादी गोलाकार दिसते, पण ती खाते-पिते, फिरते. पोट फुगलंय, रंग उडालाय आणि मासा कोपऱ्यात पडून आहे, तर तो आजार समजा. ड्वार्फ गोरामीत इरिडोव्हायरस नावाचा विषाणू आढळतो आणि त्यावर औषध नाही. असा मासा लगेच वेगळा ठेवा.

दुकानातली 'जोडी' खरंच जोडी असते का?

अनेकदा नसते. ड्वार्फ गोरामीची मादी फिकट दिसते, त्यामुळे गिऱ्हाईक तिला हात लावत नाही आणि दुकानदारही रंगीत नरच जास्त ठेवतो. मग दोन रंगीत मासे 'जोडी' म्हणून घरी येतात, प्रत्यक्षात दोन्ही नर निघतात आणि लहान टँकमध्ये एकमेकांना फाडून काढतात. कुर्ल्यातून घ्या, क्रॉफर्ड मार्केटमधून घ्या की गल्लीतल्या दुकानातून, पिशवी बांधण्याआधी पर बघून घ्या.

तयारी काय करायची?

विणीसाठी ४० लिटरच्या आसपासचा वेगळा टँक घ्या. पाण्याची उंची १५ ते २० सेंटीमीटर पुरे. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन घाला. हीटर लावून तापमान २७-२८ अंशांवर ठेवा. फिल्टर स्पंजचा आणि अगदी मंद, कारण प्रवाह जोरात असला की घरटं मोडतं.

वर तरंगणाऱ्या वनस्पती हव्यात. ड्वार्फ गोरामी त्यांचे तुकडे बुडबुड्यांत गुंफून घरटं पक्कं करतो. खाली दाट झाडं किंवा छोटं मडकंही ठेवा. मादी तयार नसेल तर नर तिच्या मागे लागतो, चावतो. लपायला जागा नसेल तर ती मरूही शकते.

आठवडाभर आधीपासून दोघांना ब्लड वर्म किंवा डासांच्या अळ्यांसारखं पौष्टिक खाणं द्या.

अंडी घातल्यावर काय होतं?

नर घरट्याखाली मादीभोवती अंग गुंडाळतो आणि अंडी बाहेर पडतात. हे बऱ्याच वेळा होतं आणि अंड्यांची संख्या काहीशेवर जाते. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात. खाली राहिलेली अंडी नर तोंडात उचलून घरट्यात ठेवतो.

हे संपलं की मादीला लगेच बाहेर काढा, कारण आता नर तिला घरट्याजवळ फिरकू देत नाही. अंडी २४ ते ३६ तासांत फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत पिल्लं मोकळी पोहू लागली की नरालाही काढा, नाहीतर तो त्यांनाच खाऊ शकतो.

मग पिल्लं का मरतात?

पहिलं कारण भूक. ही पिल्लं इतकी बारीक असतात की पावडर केलेलं खाणंही तोंडात मावत नाही. त्यांना लागतात इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. काचेच्या बरणीत टँकचं जुनं पाणी घ्या, त्यात कोबीच्या पानाचा किंवा केळीच्या सालीचा छोटा तुकडा टाका आणि उजेडात ठेवा. पाणी आधी गढूळ होतं, वास मारतं, मग काही दिवसांनी निवळतं. तेव्हा ते तयार. म्हणजे ही बरणी जोडी एकत्र सोडण्याच्या आधीच लावायला हवी. अंडी दिसल्यावर धावपळ केली तर उशीर होतो. साधारण १० दिवसांनी पिल्लांना आर्टेमियाची ताजी पिल्लं देता येतात.

दुसरं कारण थंड हवा. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लॅबिरिंथ तयार होतो आणि पिल्लं हवा घ्यायला वर येऊ लागतात. वरची हवा थंड आणि कोरडी असेल तर पटापट दगावतात. म्हणून टँकवर काचेचं झाकण हवंच. पंखा आणि एसी टँकपासून दूर.

तिसरं कारण घाण पाणी. उरलेलं खाणं रोज काढा. पाणी थोडं थोडं आणि त्याच तापमानाचं बदला.

आणि जगलीच सगळी तर?

काहीशे पिल्लं एका टँकमध्ये मोठी होत नाहीत. ती कोण घेणार, हे आधीच ठरवा. ओळखीचा दुकानदार किंवा मासे पाळणारे मित्र गाठून ठेवा. जास्त झाली म्हणून तलावात, विहिरीत, नदीत सोडू नका. टँकमधला सकर मासा असाच बाहेर जाऊन देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलाय.

इतकी पिल्लं ठेवायला जागा नसेल तर मादी आणूच नका. एकटा नरही मजेत जगतो, आणि घरटं तर तो तसाही बांधतोच.