असेंबल्ड संगणकाचे दोषनिदान

असेंबल्ड संगणकाचे दोषनिदान म्हणजे सुटे भाग विकत घेऊन घरी जुळवलेला संगणक नीट सुरू होत नसल्यास बिघाड नेमका कोणत्या भागात वा जोडणीत आहे, हे शोधून काढण्याची पद्धत होय. तयार संगणक अखंड परत नेता येतो. सुट्या भागांची हमी मात्र ज्या त्या भागापुरती असते आणि दोषी भाग ओळखण्याचे काम बहुधा ग्राहकावरच पडते. बेताच्या खर्चात संगणक जुळवणाऱ्याजवळ बदलून पाहण्यासाठी जादा भाग नसतात. त्याच्यासाठी केवळ अंदाजाने नवा भाग आणणे हाच सर्वांत महागडा उपाय ठरतो.

सुरू होण्याचा क्रम

कळ दाबताच मदरबोर्ड एसएमपीएसला चालू होण्याचा संकेत देतो. विद्युतदाब स्थिरावल्यावर एसएमपीएस ‘पॉवर गुड’ हा संकेत परत पाठवतो. तोपर्यंत प्रोसेसर काम सुरू करत नाही. त्यानंतर मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली बायोस किंवा यूईएफआय ही आज्ञावली प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड इत्यादींची तपासणी करते. या तपासणीस ‘पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट’, संक्षेपाने ‘पोस्ट’, म्हणतात. ती पार पडल्यावरच कार्यप्रणाली डिस्कवरून वाचली जाते. म्हणून ‘संगणक सुरू होत नाही’ एवढे वर्णन अपुरे आहे. पंखेच न फिरणे, पंखे फिरूनही पडदा काळा राहणे आणि बायोसचा पडदा दिसूनही कार्यप्रणाली न येणे हे तीन निरनिराळे दोष होत.

पडदा काळा राहणे

सर्वाधिक गोंधळ याच अवस्थेत होतो, आणि पुष्कळदा एकही भाग बिघडलेला नसतो. मदरबोर्डच्या २४ पिनांच्या जोडणीखेरीज प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची स्वतंत्र जोडणी असते. ती राहून गेल्यास पंखे फिरतात, पण प्रोसेसर निश्चल राहतो. रॅमची पट्टी खाचेत पूर्ण न बसणे हेही नेहमीचे कारण आहे. डीडीआर५ रॅम असल्यास पहिल्या वेळी जुळवणीला काही मिनिटे लागू शकतात, तेव्हा उतावीळपणे वीज बंद करू नये. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. अशा वेळी मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडल्यास चित्र येत नाही.

प्रोसेसर मदरबोर्डपेक्षा नवा असल्यास जुनी बायोस त्यास ओळखत नाही. २०१८ मध्ये रायझन प्रोसेसरांच्या बाबतीत ही अडचण इतकी जाणवली, की एएमडी कंपनीने बायोस अद्ययावत करण्यापुरता दुसरा प्रोसेसर ग्राहकांना उसना देण्याची सोय केली.

यानेही उलगडा न झाल्यास वीज तोडून संच किमान अवस्थेत आणतात: मदरबोर्ड, कूलरसह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस आणि गरज असल्यास ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवला म्हणजे कॅबिनेटच्या धातूशी होणाऱ्या शॉर्ट सर्किटची शंका फिटते. मग एकेक भाग परत जोडत जावे; दोन भाग एकदम जोडल्यास दोषी कोण हे कळत नाही. मूळच्या आयबीएम पीसीमध्ये एक आखूड बीप ही ‘पोस्ट’ यशस्वी झाल्याची खूण होती. बीपचे संकेत बायोसनिर्मात्यागणिक भिन्न असल्याने ते मदरबोर्डच्या पुस्तिकेतच पाहावेत. अनेक नव्या मदरबोर्डांवर त्यांऐवजी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व बूट यांचे चार दिवे असतात. बायोसची मांडणी बिघडल्याची शंका असल्यास वीज तोडून सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवतात.

एसएमपीएस

भारतात स्वस्त कॅबिनेटसोबत एसएमपीएस पुष्कळदा बसवूनच मिळतो. त्यावरील ठळक आकड्यापेक्षा १२ व्होल्टच्या रेषेचा अँपिअर पाहणे शहाणपणाचे. २० अँपिअर म्हणजे २४० वॅटच. संगणक सुरू होऊन खेळ चालवताच बंद पडत असेल, तर तापमानाबरोबर येथेही शंका घ्यावी. एसएमपीएस मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतदाब राहू शकतो.

डिस्क न सापडणे

बायोसमध्ये डिस्कच दिसत नसल्यास केबल तपासावी. काही मदरबोर्डांवर एम.२ डिस्क बसवताच एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते. त्यावेळी जुनी डिस्क दुसऱ्या पोर्टला जोडावी लागते.