ज्ञानाचा मक्ता आणि प्रा. शमनाद बशीर

मुस्लिम समाजाच्या इतिहासाविषयी बोलायची वेळ आली की आपल्या वक्त्यांच्या हाताशी दोनच गोष्टी असतात. एक बगदाद-कॉर्डोव्हाचा सुवर्णकाळ आणि दुसरी स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांची यादी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचा अभिमानही रास्त आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हीही मुलांकडून त्यावर भाषणे बसवून घेतो. पण एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "सर, आत्ताचे कोण?" आणि मग एक शास्त्रज्ञ राष्ट्रपती, काही नट आणि काही खेळाडू यांच्यापाशी आपली यादी संपते. कायद्याचा अभ्यास, त्यावरचे संशोधन आणि त्या संशोधनाच्या बळावर न्यायालयात केलेले काम हाही इतिहासच असतो. त्या यादीत एक नाव ठळकपणे यायला हवे, असे आम्हांला वाटते. ते नाव प्रा. शमनाद बशीर यांचे.

त्यांचा विषय होता बौद्धिक संपदा कायदा, म्हणजे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क वगैरे. हा विषय कंपन्यांचा आणि बड्या वकिलांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा आपला समज असतो. परंतु मोहल्ल्यातील औषधाच्या दुकानात गोळ्यांची किंमत ऐकून परत फिरणारी बाई आणि पुस्तक परवडत नाही म्हणून त्याच्या झेरॉक्स काढणारा विद्यार्थी या दोघांचाही या कायद्याशी थेट संबंध आहे.

पेटंट म्हणजे एक प्रकारचा सौदा होय. संशोधकाने आपला शोध समाजापुढे उघड करायचा आणि त्याच्या बदल्यात शासनाने त्याला ठरावीक वर्षांचा मक्ता द्यायचा. मुदत संपली की शोध सर्वांचा. सौद्यात दोन बाजू असतात आणि दोघांवरही जबाबदारी असते. मक्ता मिळवणारा आपली बाजू सहसा विसरत नाही. समाजाची बाजू मात्र कुणीतरी आठवण करून दिल्याशिवाय कुणालाच आठवत नाही.

आपल्या देशात या सौद्याचा इतिहास जुना आहे. इंग्रजांनी 1911 साली केलेला पेटंट कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की, भारतातील बहुतेक पेटंटे परदेशी कंपन्यांच्या हाती आहेत आणि त्यांतली फार थोडी प्रत्यक्षात इथे वापरली जातात. त्या अहवालाच्या पायावर 1970 चा कायदा उभा राहिला. औषधाच्या पदार्थावर पेटंट बंद झाले; ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर तेवढे मिळू लागले. म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायची वाट मोकळी झाली. याच वाटेने भारतीय औषध उद्योग वाढला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत स्थापन केलेली सिप्ला ही त्यातली एक ठळक कंपनी. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी 2001 साली एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा इलाज 350 डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. आफ्रिकेतील लाखो रुग्णांच्या जगण्याची वाट इथून उघडली.

परंतु 1995 साली भारत जागतिक व्यापार संघटनेत सामील झाला आणि त्या करारानुसार 1 जानेवारी 2005 पासून औषधांवर वीस वर्षांचे पेटंट पुन्हा सुरू झाले. बशीर यांचे कार्य नेमके याच वळणावर सुरू होते.

त्यांचा जन्म 1976 चा, केरळच्या कोल्लम जिल्ह्यातला. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी दिल्लीत बौद्धिक संपदेची वकिली केली. चालता धंदा सोडून ते ऑक्सफर्डला गेले, तिथे उच्च शिक्षण घेतले आणि वॉशिंग्टनमध्ये अध्यापन केले. 2008 च्या अखेरीस ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बौद्धिक संपदा कायद्याचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याआधी, 2005 सालीच, त्यांनी 'स्पायसी आयपी' नावाचा ब्लॉग सुरू केला होता. पेटंटचे निकाल, सरकारी परिपत्रके, कंपन्यांचे दावे या सगळ्याची चिरफाड तिथे साध्या भाषेत होऊ लागली. जे ज्ञान मोजक्या वकिलांच्या कपाटात होते ते विद्यार्थ्यांच्या हाती आले.

सर्वांत गाजलेला खटला नोव्हार्टिसचा. रक्ताच्या कर्करोगावरील 'ग्लिवेक' या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर ही स्विस कंपनी पेटंट मागत होती. तिच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा आठ ते दहा हजार. कंपनी काही रुग्णांना औषध मोफत देत असे, हेही खरे. पण खैरात वेगळी आणि हक्क वेगळा. 2005 च्या दुरुस्तीत आपल्या संसदेने कलम 3(ड) घातले होते. माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप काढले आणि त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढली नाही, तर तो शोध नव्हे, असे ते कलम सांगते. 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

या खटल्यात बशीर ना कंपनीच्या बाजूने होते ना तिच्या विरोधकांच्या. एक अभ्यासक म्हणून, न्यायालयाचा मित्र या नात्याने, ते उभे राहिले. त्यांची भूमिका इथे नीट समजून घेतली पाहिजे. रुग्णांच्या संघटनेचे वकील म्हणत होते की, परिणामकारकता म्हणजे केवळ रोग बरा करण्याची शक्ती. बशीर म्हणाले, इतका अरुंद अर्थ नको. औषधाचा विषारीपणा कमी झाला, ते अधिक सुरक्षित झाले, तर तेही मोजले जावे. म्हणजे खऱ्या सुधारणेला फळ मिळावे आणि खोट्याला मिळू नये. 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. बशीर यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र न्यायालयाने पुढच्या काळासाठी खुला ठेवला. आपल्या बाजूच्या लोकांना टाळ्या वाजवता येतील एवढेच बोलणे सोपे असते. ते त्यांनी केले नाही. विद्वानाची खूण हीच असते.

त्यांचे दुसरे काम फारसे गाजले नाही, पण आमच्या मते ते अधिक मोलाचे आहे. कायद्याप्रमाणे पेटंटधारकाने आपला शोध भारतात किती वापरला, किती माल बनवला, किती आयात केला, याची माहिती 'फॉर्म 27' या नमुन्यात तेव्हा दरवर्षी सरकारला द्यावी लागत असे. बशीर यांनी हे फॉर्म तपासायचे ठरवले. माहिती अधिकाराचा वापर करून कागद मिळवले, तेव्हा दिसले की अनेकांनी फॉर्म भरलेलेच नाहीत, अनेकांनी अर्धवट भरले आहेत आणि कार्यालयाने कुणाला जाब विचारलेला नाही.

हा फॉर्म नुसता कागद नव्हे, हे मुंबईत सिद्ध झाले. बायर कंपनीच्या 'नेक्साव्हर' या कर्करोगावरील औषधाची महिन्याची किंमत 2,80,428 रुपये होती. 9 मार्च 2012 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून आदेश निघाला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध 8,800 रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना मिळाला. औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचले हे ठरवताना बायरने स्वतः फॉर्म 27 मध्ये दिलेलीच आकडेवारी कामी आली. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. हिशेब लिहून घेतला तरच हिशेब मागता येतो, असा याचा अर्थ.

2015 साली बशीर यांनी फॉर्म 27 साठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. 2018 मध्ये न्यायालयाने सरकारला सुधारणेचे आदेश दिले. त्याच सुमारास त्यांची आणखी एक याचिका मद्रास उच्च न्यायालयात निकाली निघाली. बौद्धिक संपदा अपील मंडळावर नेमणुका कशा होतात आणि तिथे न्यायापेक्षा सरकारी अधिकाऱ्यांचे वजन अधिक का, असा त्यांचा सवाल होता. 2015 मध्ये न्यायालयाने नेमणुकांविषयीच्या काही तरतुदी रद्द ठरवल्या.

आता झेरॉक्सचे प्रकरण. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली काही पाने एकत्र बांधून दुकानदार विद्यार्थ्यांना देत असे. सुरुवातीला न्यायालयाने त्याला मनाई केली. तेव्हा विद्यार्थ्यांची एक संघटना आणि बशीर यांच्या पुढाकारातील शिक्षक-अभ्यासकांची एक संस्था खटल्यात उतरली. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणासाठी सवलत आहे, तिचा अर्थ काय, हा मुद्दा होता. 16 सप्टेंबर 2016 रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त हक्क नव्हे आणि जे विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत ते यंत्राने उतरवले म्हणून गुन्हा होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण शिक्षणाच्या गरजेपुरती नक्कल करता येते हे तत्त्व मान्य केले. 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

आम्हां उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना या निकालाचे मोल सांगावे लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके उर्दूत मिळतात, त्यांची अडचण नाही. संदर्भग्रंथांची आहे. आम्ही बी.एड. करीत असताना ग्रंथालयात एका पुस्तकाची एक प्रत असे आणि तिच्यावर साठ जणांचा डोळा. त्या पिढीचे अर्धे शिक्षण झेरॉक्सच्या पानांवर झाले आहे.

पेटंट आणि पुस्तक यांच्या पुढे जाऊन बशीर यांनी तिसऱ्या मक्त्याला हात घातला. तो होता कायद्याच्या शिक्षणाचा. देशातील नामांकित विधी विद्यापीठांतून उद्याचे वकील, न्यायाधीश, धोरणकर्ते निघतात. पण तिथे प्रवेश कुणाला मिळतो? ज्याचे इंग्रजी चांगले, ज्याच्या शहरात महागडे क्लास आहेत आणि ज्याच्या बापाला फी परवडते त्याला. 2010 साली त्यांनी 'इडिया' ही संस्था उभी केली. तिचे विद्यार्थी-स्वयंसेवक गावोगावच्या शाळांत जातात, हुशार पण गरीब मुलांना निवडतात, प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात आणि प्रवेश मिळाल्यावर शुल्कासाठी दाते शोधतात. अंध विद्यार्थीही या वाटेने कायद्याच्या शिक्षणापर्यंत पोहोचले. या मुलांनी नुसते मोठ्या पगाराचे वकील व्हावे, एवढीच अपेक्षा नव्हती. सर्जनशील, सर्व बाजूंनी विचार करणारे, परोपकारी, चाकोरी मोडणारे आणि प्रश्न सोडवणारे पुढारी त्यांच्यातून घडावेत, अशी संस्थेची कल्पना आहे. वंचितांसाठी कुणी बाहेरून पुढारी होऊ नये, वंचितांतूनच पुढारी यावा, हा त्यामागचा विचार. 2014 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला, त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठाची नोकरी सोडली. पुढची वर्षे याचिका आणि संस्था यांनाच दिली.

ऑगस्ट 2019 मध्ये चिकमगळूर जिल्ह्यातील बाबा बुडन गिरीच्या परिसरात त्यांचे निधन झाले. वय अवघे 43. तिथल्या दर्ग्याची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. अरबस्तानातून कॉफीचे जिवंत बी बाहेर नेण्यास मनाई होती, तेव्हा हजहून परतताना बाबा बुडन यांनी सात दाणे लपवून आणले आणि या डोंगरावर लावले, असे सांगतात. मक्त्यातून सुटलेल्या त्या दाण्यांनी पुढे हजारो लोकांची चूल पेटवली.

बशीर गेले आणि त्यांचे काम संपले, असे मात्र नव्हे. ते अर्धवट राहिले आहे. 2020 मध्ये नियम बदलून फॉर्म 27 सोपा करण्यात आला, पण त्यातले काही महत्त्वाचे प्रश्नच गळाले. परवाना कुणाला दिला, माल किती नग बनवला, हे आता सांगावे लागत नाही. 2024 च्या दुरुस्तीनंतर दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा फॉर्म भरला तरी चालतो. बौद्धिक संपदा अपील मंडळ 2021 मध्ये बंदच झाले. न्यायालयात जिंकलेली गोष्ट कार्यालयात हळूच हरवते, ती अशी. तिच्यावर नजर ठेवायला शिकलेली माणसे लागतात.

ही माणसे आपल्याकडून कधी येणार? महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. त्यांची प्रवेश परीक्षा इंग्रजीत होते. इतर विधी महाविद्यालयांसाठी राज्याची प्रवेश परीक्षा इंग्रजी आणि मराठीत होते. उर्दू माध्यमाच्या मुलाला यातली एक भाषा पक्की करावीच लागेल, आणि ते काम अकरावीत सुरू करून भागत नाही. आपले पालक डॉक्टर-इंजिनिअरची स्वप्ने पाहतात, मुलींना डी.एड.-बी.एड.ला पाठवतात. वकिली म्हणजे कोर्टाच्या पायऱ्यांवरची धावपळ एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असते. औषधाची किंमत कोण ठरवते, पुस्तकाची नक्कल कुणाला करता येते, हेही वकिलीतच ठरते, ही गोष्ट त्यांना सांगणे शिक्षकांचे काम आहे. मोहल्ल्यातील संस्था जलसे, सत्कार, वह्यावाटप करतात. त्यांनी दरवर्षी प्रत्येक शाळेतून दोन मुले आणि दोन मुली निवडून प्रवेश परीक्षेच्या तयारीचा खर्च उचलला, तर दहा वर्षांनी "आत्ताचे कोण?" या प्रश्नाला त्यांच्यातलेच कुणी उत्तर ठरेल.