लहरींतून संदेश उलगडणारे गणित

रेडिओची लहर आपल्या घरी येते तेव्हा तिच्या पाठीवर संदेश स्वार झालेला असतो. तो उतरवून घेण्याच्या क्रियेस डिमॉड्युलेशन म्हणतात. आपल्या खिशातील मोबाईल अहोरात्र हेच कार्य करीत असतो. या विद्येचा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

प्रारंभी हे काम खनिजावर चाले. विद्युतलहरी ओळखणाऱ्या गॅलेना खनिजाच्या उपकरणाबद्दल आचार्य जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. पुढे निर्वात नळ्या आल्या, ट्रान्झिस्टर आले. परंतु काम यंत्राच्या भागांकडेच राहिले.

हे काम पुढे गणिताकडे आले. लहरीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने तिची उंची मोजत गेल्यास त्या आकड्यांतून संपूर्ण लहर परत उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडले. आता लहर म्हणजे आकड्यांची रांग झाली.

मिश्र लहरीची साध्या साइन-कोसाइन लहरींत फोड करण्याची रीत फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात दिली होती. अडचण होती ती हिशेबाची. १०२४ आकड्यांसाठी दहा लाखांहून अधिक गुणाकार करावे लागत. कूली व ट्यूकी यांनी १९६५ साली मोठ्या हिशेबाचे लहान तुकडे पाडून हे काम दहा हजारांच्या घरात आणले. १९७१ साली वाइनस्टाइन व एबर्ट यांनी याच गणिताने एकाच वेळी अनेक लहरींवर संदेश चढविण्याची व उतरविण्याची पद्धत सुचविली. स्वस्त चिप येताच ती व्यवहारात उतरली. आजचे वाय-फाय व ४जी याच तत्त्वावर चालतात.

पायरीपायरीने हिशेब सोडविण्याच्या अशा रीतीस अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे कार्य करणाऱ्या अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे. ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट होय. परंतु नुसता अभिमान बाळगून वारसा टिकत नाही. गणित अवघड म्हणून दहावीनंतर मुलगा ते सोडतो, आणि मुलीला तर ते घेण्याचा आग्रहही कोणी करीत नाही. मग अल्-ख्वारिज्मीचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार तो काय?

‘साइन-कोसाइन शिकून काय उपयोग?’ असे मुलांनी विचारले, तर पालकहो, मोबाईल त्यांच्या हाती द्या व सांगा, उत्तर यात आहे. मात्र ते वापरणाऱ्याला दिसत नाही, शिकणाऱ्यालाच दिसते.