अमेरिकेतली मावशी

आनंदीबाई जोशी म्हटले की अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी मुलगी, एवढे सांगून आपण मोकळ्या होतो. माझ्या मनात मात्र नेहमी दुसरेच येते. ही अठरा वर्षांची पोर त्या परमुलखात एकटी राहिली कशी? लग्न होऊन चार कोसांवर सासरी गेले तर पहिली दिवाळी येईपर्यंत माझे डोळे कोरडे झाले नव्हते!

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही कल्याणची यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे तिने तेव्हाच मनाशी धरले. पती गोपाळराव टपालखात्यात होते. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. ओळख ना पाळख, पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले. मग पत्रे जात-येत राहिली आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. भगिनींनो, नात्याची ही हाक त्यांनी जहाजात पाऊल ठेवण्याआधीच जोडून ठेवली होती. परक्या गावी जाताना शिदोरीबरोबर एवढे असले की पुष्कळ झाले.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला भरसभेत त्यांनी सांगितले, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघून त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने पाणीच पाणी, आणि सोबत पती नाही. धक्क्यावर उतरवून घ्यायला मावशी हजर होत्या. पहिला उन्हाळा रोझेलच्या घरी, मावशींच्या मुलींच्या संगतीत गेला. कॉलेज सुरू होण्याआधी हे चार महिने मिळाले हे फार बरे झाले, असे मला वाटते.

पुढे फिलाडेल्फिया. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी मायेने सांभाळले, शिष्यवृत्तीही मिळाली. पण खोलीवर परतल्यावर चूल आपणच पेटवायची. मांसाहार वर्ज्य, कपाळी कुंकू, अंगावर लुगडे. यांपैकी काही सोडले नाही. नऊवारीत पाय उघडे पडून थंडी बाधे, म्हणून गुजराती तऱ्हेने साडी नेसू लागल्या, तेवढाच काय तो बदल. घरची आठवण परतवायचा त्यांचा उपाय हाच असावा. घर आपल्याबरोबरच नेले! पतीला पत्रे लिहीत, पण उत्तर यायला महिने लागत आणि आलेले पत्र कधी रागाचेही असे. गोपाळरावांची तळमळ खरी, तरी थंडीत आजारी पडलेल्या मुलीला असे शब्द लिहायला नको होते, हे मी म्हणणारच.

तिथे परकी अशी ती एकटीच नव्हती. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशच्या वेषात बसल्या आहेत. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. इंग्रजी तिघींनाही परकेच. दूरच्या सासरी आलेल्या तीन जावाच जणू!

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंध होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. तेव्हा गोपाळराव तिथे आले होते, आणि लांबच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईही समारंभाला होत्या. मावशीही आणि माहेरचेही माणूस, दोन्ही.

पण शरीर खचले होते. अन्नाची आबाळ आणि ती थंडी यांनी क्षयाला वाट दिली असणार. ज्या निग्रहाने मन सावरले, त्याच निग्रहाने देह झिजला की काय, हा विचार मला सुटत नाही. मावशींच्या घरचे थोडे मांसाचे सूप घेतले असते तर? पण मग समाजाला दिलेला शब्द मोडला असता, आणि पुढच्या मुलींची वाट लोकांनी बंद केली असती. तिला ते ठाऊक होते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, पण तिथे काम करणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बाविशीलाही पोचले नव्हते. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटरना पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत मावशींनी ती ठेवली, आणि वर नावाचा दगड बसविला.