बॅटरीचा टक्का आणि शिक्क्याचे माप

हिंगणघाटच्या कापूसबाजारात ज्याने एक हंगाम काढला आहे, त्याला मापाचे महत्त्व सांगावे लागत नाही. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर काट्यावरून हलत नाही. भाव कितीही चढा असो, काटा खोटा निघाला तर वर्षाची मेहनत तेथेच मातीला मिळते. म्हणून समाजाने फार पूर्वीच ओळखले की, माप हे देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडावयाचे नसते. त्यावर सरकारी शिक्का हवा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम येऊ लागला, त्यामागेही हाच न्याय होता.

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीचे माप आज लोकांच्या खिशातल्या फोनवर आले आहे. ते तेथपर्यंत कसे आले आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हा आजचा विषय.

जुन्या शिशाच्या बॅटरीचे माप कोणाही मिस्त्रीच्या हातात होते. झाकण उघडावे, काचेच्या हायड्रोमीटरने ॲसिड ओढावे आणि ‘ग्रॅव्हिटी’ पाहावी. आकडा १.२८ च्या आसपास असला की बॅटरी भरलेली, १.१५ च्या खाली गेला की रिकामी होत आलेली. मालक शेजारी उभा असे आणि तोच आकडा तोही वाचत असे.

लिथियमच्या बॅटरीने हा व्यवहार बदलला. ती बंद पेटी आहे. तिच्यात पाणी घालावयाचे नाही, ग्रॅव्हिटी पाहावयाची नाही. आत बसविलेला छोटा संगणक प्रत्येक घटाचा दाब आणि ठिकठिकाणची उष्णता पाहतो, किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली याचा जमाखर्च ठेवतो, आणि त्यावरून ‘६२ टक्के’ असा आकडा काढतो. हा आकडा अनुमानाने काढलेला आहे, आणि अनुमानाची रीत कारखानदाराने ठरविलेली आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

फोनवर हा आकडा दोन वाटांनी येतो. एक वाट कंपनीची. मोटारीतले सिमकार्ड कंपनीच्या यंत्रणेशी बोलते आणि कंपनी आपल्या ॲपमधून तिला दाखवावेसे वाटेल तेवढे दाखविते. दुसरी वाट स्टिअरिंगच्या खालच्या खाचेची. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ही ठराविक खाच सक्तीची झाली, ती धूर तपासण्यासाठी. धूरच न सोडणाऱ्या मोटारींच्या मालकांनी पुढे तीच खाच हाताशी धरली. ब्लूटूथचा लहानसा जोड तिच्यात लावून ते एकेका घटाचा दाब फोनवर वाचू लागले.

पहिल्या वाटेचा एक धडा आपल्याच देशातला आहे. बंगळूरच्या रेवा कंपनीने २००९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक सोय जाहीर केली. रस्त्यात चार्ज संपला तर चालकाने कंपनीला फोन किंवा संदेश करावा, म्हणजे बॅटरीत राखून ठेवलेली थोडी वीज कंपनी दुरूनच मोकळी करील. सोय खरोखर चांगली. पण धान्य आपल्या घरात आणि कोठीची किल्ली परगावच्या मुनीमाकडे, असाच हा प्रकार नव्हे काय? जो दुरून उघडू शकतो, तो दुरून बंदही करू शकतो.

मालकांच्या हाती आकडा आला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील फिनिक्स या तापट शहरात दिसले. निस्सानच्या ‘लीफ’ मोटारीच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. २०१२ साली तेथील मालकांच्या ध्यानात आले की, बॅटरीची ताकद दाखविणाऱ्या १२ पट्ट्या भराभर कमी होत आहेत. त्यांनी आपापले आकडे एकत्र मांडले, मोटारी शेजारी शेजारी चालवून पाहिल्या; दावाही दाखल झाला. २०१३ साली कंपनीने हमी दिली : ५ वर्षांत किंवा ६०,००० मैलांत ९ पेक्षा कमी पट्ट्या उरल्या तर बॅटरी दुरुस्त करून अथवा बदलून मिळेल. एकट्याचे रडगाणे वाटले असते ते आकडे एकत्र येताच मागणी झाले. संघटना म्हणजे दुसरे काय असते?

वर्धेच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा फिनिक्सची गोष्ट आपल्याला परकी नाही. शेजारच्या नागपुरात मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्र यांनी २०० विजेरी वाहनांची सेवा मोठ्या समारंभाने सुरू केली. २०१८ च्या आरंभीच बातम्या आल्या की, चार्जिंगच्या लांब रांगांना आणि खर्चाला कंटाळून चालक मोटारी परत करीत आहेत. टॅक्सीवाल्याला बॅटरीचा टक्का म्हणजे त्या दिवसाची मजुरी. फोन टक्का दाखवितो. पण रांगेत गेलेले तास कोणाच्या खाती मांडावयाचे, हे फोन सांगत नाही. ते माणसांनीच ठरवावे लागते.

जगात शिक्क्याची सुरुवात झाली आहे. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर बॅटरीच्या टिकाऊपणाचा नियम मान्य झाला : ५ वर्षांत किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के, आणि ८ वर्षांत किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के ताकद उरली पाहिजे, शिवाय मोटारीतला आकडा खरा आहे की नाही, याचीही तपासणी झाली पाहिजे. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून, यंत्र वापरल्याने निर्माण होणारी माहिती वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे, असा कायदा लागू झाला आहे.

आपणही एवढेच मागावयाचे : बॅटरीची उरलेली ताकद मालकाला आणि चालकाला विनामूल्य, पूर्ण दिसावी, जुनी मोटार विकताना तो आकडा कागदावर यावा, आणि पूर्वसूचनेवाचून दुरून गाडी बंद करण्याचा अधिकार कोणालाही नसावा. तोवर एक काम आपल्या हातचे आहे. महिन्यातून एकदा पूर्ण चार्जवर किती किलोमीटर गेलो, त्या दिवशी ऊन किती होते, हे वहीत लिहावे, आणि शेजाऱ्याच्या वहीशी ताडून पाहावे. काट्यावर शिक्का बसला तो काट्याकडे डोळे लावून बसलेल्या लोकांमुळे. बॅटरीच्या टक्क्यावरही तो तसाच बसेल.