लाकूड, पाणी आणि कारखान्यातले दार

आषाढात कोकणातल्या घराचे दार फुगते, चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर कुणी हात न लावता पुन्हा सैल होते. कारखान्यात तयार होणाऱ्या दाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी या फुगण्यावर शोधलेल्या उपायांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

आपण इतिहासप्रेमी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे खिळे मोजतो, पण आतल्या खोलीच्या दाराकडे पाहतही नाही. वास्तविक सुताराची बुद्धी तिथेच अधिक दिसते. लाकूड हवेतला ओलावा शोषते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र वाढते आणि आक्रसते. म्हणून जुन्या सुताराने उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट केली, तिला आतून खाच पाडली आणि मधले पॅनेल त्या खाचेत सरस न लावता सैल बसवले. पॅनेल फुगले तरी त्याला जागा मिळे आणि दाराचे माप बिघडत नसे. सागवानाला मान मिळाला, तोही ते फार हलत नाही म्हणून. पॅनेलचे दार देखणे दिसते हे खरे, पण ते देखणेपण या गरजेतून आलेले आहे.

इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम याने १७९१ आणि १७९३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. पुढच्या शतकात वाफेवर चालणारे रंधे आणि करवती आल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले ऑशकॉश हे गाव दारे-खिडक्यांच्या कारखान्यांमुळे ‘सॉडस्ट सिटी’, म्हणजे भुश्याचे शहर, म्हणून ओळखले जाऊ लागले. तयार मापांची दारे विकली जाऊ लागली. माझ्या मते खरी उलथापालथ इथे झाली: तोवर भिंतीतल्या जागेसाठी दार घडवले जात होते, आता दारासाठी भिंतीत जागा सोडावी लागली. लाकूड मात्र तेच होते, आणि ते हलतच राहिले.

उत्तर सापडले ते प्लायवुडमध्ये. पातळ थर एकावर एक, प्रत्येकाची शिरांची दिशा खालच्या थराला काटकोनात. एक थर फुगू पाहतो तेव्हा दुसरा त्याला धरून ठेवतो. कल्पना जुनीच होती. १९०५ साली ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने डग्लस फरच्या लाकडाचे असे तक्ते तयार केले. सरस लावायला रंगाचे ब्रश आणि दाब द्यायला घरे उचलण्याचे जॅक, एवढीच सामग्री! ते पाहून मागणी नोंदवणाऱ्यांत दारांचे कारखानदार होते. सरस मात्र पाण्याला टिकत नसे. पूर्ण जलरोधक सरस जेम्स नेव्हिन या रसायनशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये सिद्ध केला.

तिकडे १९२४ मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल गावी विल्यम मेसन याने गिरणीतल्या टाकाऊ लाकडाचे तंतू वाफेने सुटे करून त्यांचा कठीण तक्ता बनवला, तोच मेसोनाइट. आजच्या अनेक तयार दारांचा बाह्य पृष्ठभाग याच जातीच्या तक्त्याचा असतो आणि त्यावर दाबून उमटवलेली असते जुन्या पॅनेलच्या दाराची आकृती. ना खाच, ना सैल पॅनेल. उपाय गेला, त्याची खूण तेवढी राहिली.

भारतातल्या दाराच्या गाभ्याला आणखी एक तारीख आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि ईशान्येकडच्या प्लायवुड गिरण्या बंद पडल्या. उद्योगाचा भर शेतात वाढवलेल्या झाडांवर गेला: हरियाणात यमुनानगरच्या आसपास पॉप्लर, केरळात रबराचे लाकूड. म्हणून आज दुकानदाराला ‘लाकूड कोणते?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘गाभा कसला आणि सरस कोणता?’ हेही विचारावे लागते. भरीव गाभ्याच्या फ्लश दारासाठी भारतीय मानक आयएस २२०२ आहे, पोकळ गाभ्यासाठी आयएस २१९१. दारावरचा हा आकडा वाचावा. नुसता ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पुरेसा नाही.

कारखान्यातच रंग-पॉलिश होऊन आलेल्या दाराचा मोठा लाभ असा की, त्याच्या सहाही बाजू पाण्यापासून बंद करता येतात. गावच्या सुताराने जागेवर रंगवलेल्या दाराची वरची आणि खालची कड बहुधा कोरीच राहते. तयार दार घेताना म्हणूनच आधी त्याच कडा पाहाव्यात. पण फरशी बसण्याआधी माप दिले आणि मग दार खालून कापावे लागले, तर तो लाभ करवतीच्या एका फेरीत जातो. काप कडेच्या घन लाकडी पट्टीच्या आत गेला तर गाभाच उघडा पडतो. तेव्हा फरशी आधी, माप नंतर. गिलावा पुरता वाळेपर्यंत दार घरात आणूच नये. थोडे कापावेच लागले तर ती कड त्याच दिवशी बंद करावी. न्हाणीघराला लाकडी गाभ्याचे दार मी सुचवणार नाही.

आणि जुन्या वाड्याची दुरुस्ती असेल तर आधी भिंतीतल्या जागेचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते जुळले नाहीत, आणि अशा घरांत ते क्वचितच जुळतात, तर कारखान्याचे दार तिथे बसणार नाही. त्या जागेसाठी सुतारालाच बोलवावे लागेल.